शहात्तर दात आणि एक ओली जाळी

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे. होडीवरची, समुद्र उपसणारी मोठी जाळी नव्हे. काचेच्या टाकीतले मासे उचलायची, तळहाताएवढी, हिरवी, तारेच्या दांड्याची. दाताच्या एका दवाखान्यात मी सतरा वर्षे काढली. तुम्ही म्हणाल, हिच्याकडे सांगण्यासारखे काय असणार? पाण्यात जायचे आणि पाण्यातून यायचे. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. पण एका दुपारी माझ्या हातून अशी चूक झाली की एका पक्क्या माणसाच्या तोंडचे पाणी पळाले. ती चूक मीच सांगते, म्हणजे तिला कोणी तिखटमीठ लावायला नको.

माझा जन्म कारखान्यात झाला. यंत्राने माझे नायलॉनचे धागे विणले आणि एका बाईने मला तारेच्या चौकटीवर शिवले. ती दिवसाला अशा दोनशे जाळ्या शिवत असे, त्यामुळे माझ्या जन्माचे कौतुक कोणी केले नाही. पुढे टाकीवाल्याच्या दुकानात मी अकरा बहिणींबरोबर एका खिळ्याला लटकत राहिले. टाकीवाला म्हणजे टाक्या, पंप आणि समुद्राचे मासे विकणारा माणूस. एक दिवस तिथे मोठे डॉक्टर आले आणि खिळ्यावरून नेमकी मला काढून घेऊन गेले.

मोठे डॉक्टर दातांचे डॉक्टर होते. आत यंत्राची घूं घूं सुरू झाली की बाहेर बसलेल्या पोरांची पाचावर धारण बसे. म्हणून त्यांनी बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची मोठी टाकी मांडली होती. तिच्यात पांढरी वाळू होती, खडक होते, प्रवाळ होते, गोगलगायी होत्या, एक लाल पट्ट्यांची कोळंबी होती आणि सात मासे होते. त्यातली नारिंगी रंगाची, अंगावर पांढरे पट्टे असलेली जोडी सगळ्यांत जुनी. मोठी ती थोरली आणि लहान तो धाकटा. पोरे काचेला नाक लावून त्यांच्याकडे बघत बसत आणि आपली पाळी कधी आली ते त्यांना कळतही नसे.

टाकीची देखभाल काकांकडे होती. काका म्हणजे दवाखान्यातले मदतनीस. त्यांचे खरे काम हत्यारे शुद्ध करण्याचे. वापरलेला चिमटा डावीकडे, वाफेच्या मशीनमधून निघालेला उजवीकडे. बावीस वर्षांत डावीकडची वस्तू उजवीकडे गेली नाही. एखाद्या ट्रेला कोणाचा हात लागला की नाही अशी नुसती शंका आली, तरी काका तो आख्खा ट्रे पुन्हा मशीनमध्ये घालत. मोठे डॉक्टर चिडवत, "काका, तुम्ही एखाद दिवशी मलाही त्यात घालाल." काका म्हणत, "शंका आली तर घालीन."

अशा माणसाच्या हाताखाली मी वाढले. उरलेले खाणे काढणे, गळलेले शेवाळ उचलणे, मासा हलवायचा असला तर अलगद हलवणे ही माझी कामे. एकदा खडकाला अडकून माझा कोपरा फाटला. टाकून द्यायच्या ऐवजी मोठ्या डॉक्टरांनी मला खुर्चीवरच्या दिव्याखाली धरले आणि हिरडीला टाके घालायच्या काळ्या दोऱ्याने दोन टाके घातले. ते टाके अजून माझ्या अंगावर आहेत. सांगायला काय जाते, त्या टाक्यांचा मला भारी तोरा होता.

पुढे मोठे डॉक्टर वारले. जायच्या आधी ते काकांना एवढेच म्हणाले होते, "जोडीला सांभाळा." मग त्यांची मुलगी खुर्चीपाशी उभी राहिली. तिला काका मॅडम म्हणत. तिचा हात वडिलांसारखाच हलका होता, पण स्वभाव घाईचा. टाकी तिला आवडे, टाकीचे काम मात्र जिवावर येई.

काका आठवडाभर सुट्टीवर गेले असताना एका पेशंटने मॅडमना निळा मासा भेट दिला. नवा मासा आधी काही आठवडे वेगळा ठेवायचा असतो. मॅडमना वाटले, मासाच तो, त्याला कसले वेगळे बसवायचे? त्यांनी मला उचलले, पिशवीतला निळा मासा माझ्यात घेतला आणि थेट टाकीत सोडला. हो, मित्रांनो, तेव्हाही मीच होते.

काका परत आले तेव्हा निळ्याच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके होते. दोन दिवसांत ते सगळ्यांच्या अंगावर आले. मासे खडकांना अंग घासू लागले आणि धापा टाकू लागले. बारा दिवसांत सहा मासे गेले. त्या सहांना मीच बाहेर काढले. जिवंत मासा जाळीत आला की वळवळतो, आपल्याला ओढतो. ते सहा नुसतेच वजन होते. मला ते अजून आठवते आणि आठवले की वाईट वाटते.

राहिली ती जोडी. तीही ठिपक्यांनी भरलेली. काकांनी टाकीवाल्याला बोलावले. त्याने टाकीत डोकावून पाहिले आणि जे सांगितले ते मी शब्दन् शब्द ऐकले.

"काका, हा किडा माशाच्या अंगावर पोट भरतो, मग सुटून वाळूत पडतो आणि स्वतःभोवती कवच करतो. आत एकाचे शेकडो होतात. कवच फुटलं की ते मासा शोधत फिरतात. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात."

"मग दोन दिवस टाकी रिकामी ठेवू," मॅडम म्हणाल्या.

"सगळी कवचं एकदम फुटत नाहीत ना, मॅडम. काही आळशी असतात, आठवडेच्या आठवडे तशीच पडून राहतात. शहात्तर दिवस टाकीत एकही मासा नको. कोळंबी, गोगलगायी राहू देत, त्यांच्यावर हा किडा जगत नाही. पाणी मात्र कोमट ठेवा, सत्तावीस अंशांवर, म्हणजे त्याचं चक्र भराभर फिरतं. जोडीला वेगळ्या टबात औषध द्या. आणि त्या टबातलं पाणी या टाकीत येता कामा नये. ओला हातसुद्धा नाही. आलं, तर मोजणी पुन्हा एकपासून."

मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या. बाहेरच्या खोलीत अडीच महिने रिकामी टाकी म्हणजे लोकांना काय सांगायचे? शेवटी त्या म्हणाल्या, "ठीक आहे काका, शहात्तर दिवस दिले. सत्त्याहत्तराव्या दिवशी टाकीत मासे दिसले नाहीत तर टाकी काढू आणि त्या भिंतीला टीव्हीचा मोठा पडदा लावू. पोरं कार्टून बघतील."

काका म्हणाले, "चालेल."

जोडीचा टब एक्स-रेच्या खोलीत गेला, टाकीपासून दूर. तिथल्यासाठी नवी पांढरी जाळी आली. मी पूर्वीसारखीच मोठ्या टाकीशेजारच्या खुंटीवर राहिले. तिने इकडे यायचे नाही, मी तिकडे जायचे नाही. आणि काकांनी दिवस मोजायला काय घेतले माहीत आहे? दवाखान्यात पेशंटच्या दातांचा छापील तक्ता असतो. एका कागदावर बत्तीस दात. दोन कागदांचे झाले चौसष्ट. तिसऱ्या कागदावर त्यांनी बारा दातांभोवती रेघ ओढली. झाले शहात्तर. तिन्ही कागद टाकीच्या कडेला चिकटवले आणि रोज सकाळी पेन्सिलने एक दात काळा करायला सुरुवात केली.

लोकांनी काकांची थट्टा केली नसती तरच नवल. काका रोज रिकाम्या टाकीत चिमूटभर खाणे टाकत, कारण कोळंबीला ते लागते आणि फिल्टरमध्ये पाणी साफ करणारे सूक्ष्म जीव असतात त्यांनाही लागते. एक आजोबा दर वेळी विचारत, "काय काका, पाण्याला जेवायला घातलंत का?" काका म्हणत, "घातलं. तुम्ही कवळी धुतलीत का?" मग आजोबा तोंडातली कवळी चाचपत.

चाळिसाव्या दातापर्यंत जोडीच्या अंगावरचे ठिपके जाऊन कितीतरी दिवस झाले होते. पण बिनवाळूच्या, बिनखडकाच्या टबात धाकटा उदास झाला. त्याने खाणे सोडले. काकांनी जुन्या लांब चिमट्यात खाण्याचा कण धरून आठवडाभर त्याच्या तोंडापुढे धरला. आठव्या दिवशी त्याने तो घेतला. काका त्या दिवशी गुणगुणत हत्यारे पुसत होते, आणि काकांना गुणगुणताना मी सतरा वर्षांत दोनदाच ऐकले आहे.

एकसष्टाव्या दिवशी मॅडम एक पिवळा मासा घेऊन आल्या. "आता पंधराच दिवस राहिलेत ना? टाकी भरल्यासारखी दिसेल." काकांनी कपाळाला हात लावला, पण मासा परत पाठवला नाही. त्यालाही एक्स-रेच्या खोलीत वेगळ्या टबात ठेवले.

सत्तरावा दात काळा झाला. सहा राहिले. मॅडमनी येणाऱ्या सगळ्या पोरांना सोमवारची तारीख सांगून टाकली होती. त्याच दुपारी काकांना पिवळ्याच्या अंगावर चार पांढरे ठिपके दिसले.

औषध घालायच्या आधी त्याला नीट बघायला हवे होते. काकांनी पांढऱ्या जाळीत त्याला घेतले. त्या जातीच्या माशाला शेपटीजवळ काटा असतो. काटा जाळीत अडकला, मासा उसळला आणि जाळी टरकन फाटली. मासा जमिनीवर पडणार, तोच काकांनी त्याला टबात ढकलले. मग ते बाहेर आले, खुंटीवरून मला काढले आणि आत नेले. माझी वीण बारीक, माझ्यात काटा अडकत नाही. मी पिवळ्याला उचलले, काकांनी पाहिले, आणि मी त्याला परत सोडले. त्यानंतर मला औषधाच्या पाण्यात धुऊन उन्हात टांगायचे होते. मोरी बाहेरच्या खोलीच्या पलीकडे होती. काका मला घेऊन निघाले. मी निथळत होते.

बाहेरच्या खोलीत एक सात वर्षांची मुलगी होती. काका तिला चिमणी म्हणत. मॅडमनी नुकताच तिचा हलणारा दात काढून कापसात गुंडाळून दिला होता. चिमणी स्टुलावर चढली, टाकीचे झाकण सरकवले आणि कोळंबीला दाखवायला म्हणून दात पाण्यावर धरला. दात सटकला. वाळूवर पडला. कोळंबीने तो चटकन उचलला आणि खडकाखाली न्यायला लागली.

चिमणीने भोकाड पसरले. तोंडात कापूस, हनुवटीवर रक्त आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. "माझा दात, माझा दात." तिची आई उठली, आजोबा उठले, सगळी खोली टाकीभोवती गोळा झाली. काका दोन ढांगांत आले. हातात मी होतेच. त्यांनी मला पाण्यात घातले, कोळंबीला हळूच बाजूला केले आणि दात उचलला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चिमणी रडता रडता हसली. आजोबा म्हणाले, "वा काका, डॉक्टरांनी काढला नाही इतक्या सफाईने काढलात." मीही फुशारले होते. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, टाळ्या कोणाला आवडत नाहीत?

मग काकांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या कोपऱ्यातून पाणी ठिबकत त्यांच्या बुटावर पडत होते. त्यातले किती टाकीचे आणि किती पिवळ्याच्या टबातले, हे सांगणे कोणालाच शक्य नव्हते. काकांचा चेहरा उतरला. बावीस वर्षांत पहिल्यांदा डावीकडची वस्तू उजवीकडे गेली होती.

ते मला घेऊन हत्यारांच्या खोलीत गेले आणि दार लोटून उभे राहिले. मला त्यांच्या मनातले कळत होते. जोडीचा आजार बरा झालेला. सहाच दात उरलेले. कोणी काही पाहिले नाही. पाहिले त्यांनी टाळ्या वाजवल्या. सांगितले तर सोमवारी टाकी जाणार. नाही सांगितले तर सोमवारी जोडी टाकीत जाणार, आणि वाळूत एखादे कवच पडले असले, तर दहाबारा दिवसांनी मला पुन्हा तेच वजन उचलावे लागणार. मला कबूल करायला लाज वाटते, पण तेव्हा मला वाटले की काकांनी गप्प बसावे. कदाचित काही गेलेच नसेल. एवढ्याशा पाण्यात काय जाते?

काकांनी मला बादलीत ठेवले, हात धुतले आणि ते मॅडमकडे गेले. दार उघडेच राहिले, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"मॅडम, सोमवारी मासे सोडता येणार नाहीत. मोजणी पुन्हा एकपासून."

मॅडमनी मास्क खाली केला. काकांनी पिवळ्यापासून दातापर्यंत सगळे सांगितले. स्वतःची बाजू घेतली नाही, चिमणीवरही ढकलले नाही.

"थेंबभर पाणी, काका. त्यात काही होतं की नाही, हेही तुम्हाला माहीत नाही."

"नाही माहीत."

"पडदेवाला सोमवारी येतोय. मासे नसतील तर तो भिंतीला भोकं पाडणार. तुमच्यासमोर ठरलंय."

"ठरलंय. मी नाही म्हणत नाही. टब मी घरी नेईन. जागा करीन कुठेतरी."

"मग बोललात कशाला? मला कळलंसुद्धा नसतं."

"मला कळलं होतं," काका म्हणाले.

मॅडमनी मास्क पुन्हा वर केला. रागावल्या होत्या, आणि त्यांचा राग काही चुकीचाही नव्हता. त्यांनी पुढच्या पेशंटला आत घेतले. तेच कवळीवाले आजोबा, एक उरलेला दात दाखवायला आलेले. तपासताना मॅडमच्या हातातला छोटा आरसा सटकला आणि त्यांच्याच स्वच्छ कोटावर पडला. जमिनीवर नाही, कोटावर.

"दुसरा द्या," मॅडम न बघताच म्हणाल्या.

काकांनी उजवीकडचा दुसरा आरसा दिला. पडलेला डावीकडे ठेवला. मॅडमचा हात तसाच हवेत थांबला.

"काका, तो खराब झाला होता का?"

"माहीत नाही, मॅडम."

दोघे एकमेकांकडे बघत राहिले आणि आजोबा आ वासून दोघांकडे. शेवटी तेच म्हणाले, "मी तोंड मिटू का?"

संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर मॅडम कपाटातून तीन कोरे तक्ते घेऊन आल्या. जुने त्यांनी स्वतः काढले. नवे लावले. तिसऱ्यावर बारा दातांभोवती रेघ ओढली. मग पडदेवाल्याला फोन करून सांगितले, "भिंत राहू दे." आणि काकांकडे वळून म्हणाल्या, "पिवळा मी आणला होता. निळाही मीच सोडला होता. आता तुम्ही सांगाल तेव्हाच."

काकांनी मान हलवली आणि पहिल्या दिवसाचा दात काळा करायला ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबले. एक पूर्ण दिवस झाल्याशिवाय ते दात रंगवत नसत.

आणि माझे काय? मला औषधात बुडवले, तीन दिवस उन्हात वाळवले आणि माझ्या दांड्याला लाल पट्टी गुंडाळली. लाल पट्टी म्हणजे फक्त टबासाठी. माझी खुंटीही बदलली. सतरा वर्षे जिच्या शेजारी काढली ती टाकी मला दिसेनाशी झाली. सुरुवातीला मी फार रुसले. मोठ्या डॉक्टरांनी टाके घातलेली जाळी मी, आणि मला एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत? पण रोज काकांना पिवळ्याला औषध देताना पाहिले, जोडीच्या टबाचे पाणी बदलताना पाहिले, तसा माझा रुसवा ओसरत गेला. तो माणूस माझ्यावर रागावला नव्हता. तो फक्त आता कुठेच चूक होऊ देणार नव्हता.

दुसरे शहात्तर दिवस पहिल्यांपेक्षा लांब होते. आजोबा विचारत, "अजून पाण्यालाच जेवण?" आता मॅडम उत्तर देत, "हो, आणि ते चावून खातं." काकांना ताप आला त्या तीन दिवसांचे दात मॅडमनी रंगवले. चिमूटभर खाणेही टाकले. आणि टाकीचे झाकण उघडण्यापूर्वी कोपरापर्यंत हात धुतले, हे मी मोरीच्या नळाच्या आवाजावरून ओळखले.

शहात्तरावा दात काळा झाल्यावरही काकांनी तो दिवस जाऊ दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जोडीला पातेल्यासारख्या मोठ्या प्लास्टिकच्या भांड्यात घेतले, टाकीच्या पाण्याची सवय होऊ दिली आणि मग हाताच्या ओंजळीने अलगद टाकीत सोडले. त्या वेळी त्यांना जाळी नको होती. मला ते समजत होते. पण निघताना त्यांनी मला खुंटीवरून काढले आणि एक्स-रेच्या खोलीच्या दाराच्या कडीला अडकवले. मुद्दाम की विसरून, ते मला माहीत नाही. तिथून टाकी दिसत होती.

थोरली आधी गेली. खडकाभोवती फिरली, आपली जुनी जागा हुंगल्यासारखी तपासली आणि तिथे स्थिरावली. धाकटा तिच्या मागे. बाहेरची खोली टाकीभोवती गोळा झाली होती. योगायोगाने चिमणी तिथेच होती, तिचा शेजारचा दातही हलायला लागला होता. तिने काचेला नाक लावले. मग माझ्याकडे बोट केले.

"काका, त्या जाळीला लाल का?"

"तुझा दात तिनं काढला ना. पण ती तेव्हा ओली होती आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. म्हणून हे मासे तुला अडीच महिने उशिरा दिसले."

चिमणीने थोडा विचार केला. "मग या वेळी दात खिशात ठेवीन," ती म्हणाली.

पंधरा दिवस काका रोज भिंग घेऊन जोडीच्या अंगावर ठिपका शोधत होते. एकही मिळाला नाही. सोळाव्या दिवशी बरा झालेला पिवळाही त्यांनी टाकीत सोडला आणि ते गुणगुणले. ती दुसरी वेळ.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. माझ्यासारखी एखादी जाळी तुमच्याकडे असेल तर तिला एका पाण्यातून काढून तशीच दुसऱ्या पाण्यात घालू नका. धुवा, उन्हात टांगा, खडखडीत वाळू द्या. आणि घाईत कधी घातलीच, भोवती लोक टाळ्या वाजवत असले, कोणालाही कळले नसले, तरी कोरा कागद घ्या आणि पहिल्या दातापासून पुन्हा मोजायला लागा.